‘अलाबामा’ आगबोटीची प्लास्टिकची प्रतिकृति : एक परीक्षण

गेल्या ज्येष्ठांत सोलापुरांतील एका परिचित कुटुंबाकडून पुठ्ठ्याची एक पेटी आमचेकडे परीक्षणासाठीं आली. पेटींत पोथी नाहीं, सनद नाहीं, कीं बखरीचें एखादें सुटें पानही नाहीं. आहेत ते एका परदेशी लढाऊ आगबोटीच्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीचे सुटे भाग. वाफ आणि शीड या दोहोंच्या बळावर चालणारी, इ. स. १८६२ सालीं पाण्यांत उतरलेली ‘अलाबामा’ ती हीच, असें पेटीच्या झांकणावरील चित्र व नांव सांगतें. सोलापूरच्या कापूस व कापडधंद्याच्या इतिहासाचें एक लहानसें प्रदर्शन एका शाळेंत भरावयाचें असून त्यांत ही वस्तु ठेवावी असा त्या कुटुंबाचा मानस आहे. ती ठेवण्यायोग्य आहे काय, आणि ठेविल्यास तिच्यापुढील चिठ्ठीवर काय लिहावें, असे दोन प्रश्न त्यांनीं आम्हांस केले.

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं पोरखेळाचा वाटेल. आम्हांसही तसेंच वाटलें होतें. परंतु पेटी उघडून चार दिवस तिच्यापाशीं बसल्यावर असें दिसून आलें कीं, पोथीच्या परीक्षणांत जे प्रश्न विचारावे लागतात तेच येथेंही विचारावे लागतात. वस्तु पूर्ण आहे कीं खंडित? वरचें नांव आंतल्या ऐवजाशीं जुळतें काय? नक्कल कोणत्या मुळावरून उतरली? मध्यें कोणाचा हात लागला आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें शोधतां शोधतां आमचेंच एक जुनें विधान खोटें ठरलें. तें जाहीरपणें दुरुस्त करणें हाही प्रस्तुत लेखाचा एक हेतु आहे.

१. वस्तूचें वर्णन

पेटी सुमारें दीड हात लांब आहे. झांकणाचे दोन कोपरे फाटलेले असून ते मागाहून कापडी पट्टीनें चिकटविले आहेत. चित्राचा रंग बराच उडाला आहे, तथापि नांव स्पष्ट वाचतां येतें. आंत जहाजाच्या धडाचे डावा व उजवा असे दोन अर्ध, डेकचे तुकडे, तीन डोलकाठ्या, शिडें टांगावयाच्या आडव्या काठ्या, धुरांडें, तोफा, होड्या आणि नांगर आहेत. पातळ पत्र्यांतून दाबून काढलेलीं शिडें व डोलकाठ्यांच्या दोरांच्या तयार जाळ्या निराळ्या कागदांत गुंडाळलेल्या आहेत. वितळलेलें प्लास्टिक दाबाखालीं पोलादी सांच्यांत घालून असे भाग काढतात. म्हणून लहान भाग बारीक दांड्यांस फळांप्रमाणें लगडलेले असतात, व जोडणारानें ते एक एक करून तोडून घ्यावयाचे असतात. येथें बहुतेक भाग अद्याप दांड्यांसच आहेत.

सूचनापत्रांतील यादीशीं ताडून पाहतां आडव्या काठ्यांपैकीं तीन, होड्यांपैकीं एक व तोफगाड्यांचे कांहीं तुकडे एवढा ऐवज गहाळ आहे. शिडांपैकीं दोन तडकलीं आहेत. धडाचा उजवा अर्ध किंचित् वांकलेला आहे; पत्र्याच्या छपराखालीं सोलापूरचे उन्हाळे काढलेल्या वस्तूस एवढी शिक्षा अपेक्षितच आहे. परंतु कोठेंही सरस लागलेला नाहीं, रंग चढलेला नाहीं, कानस फिरलेली नाहीं. पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर चार पानें हरवलीं आहेत, पण कोणा शोधकाच्या हरताळाचा स्पर्श झालेला नाहीं. वस्तु खंडित आहे, दूषित नाहीं.

मागील हाताची खूण मात्र दोन ठिकाणीं सांपडते. सूचनापत्रावर शिसपेनीनें ‘डावा’, ‘उजवा’, ‘हे शेवटी’ असे मुलाच्या अक्षरांतील शब्द आहेत. झांकणाच्या आंतल्या बाजूस त्याच हातचें एक पूर्ण वाक्य आहे : ‘सोलापूरच्या कापसाला सोन्याचा भाव देणारी आगबोट.’

२. त्या वाक्याचा कर्ता

हें वाक्य लिहिणारा मुलगा आमचा विद्यार्थी होता, आणि वाक्याचा कर्ता आम्ही स्वतः आहों. इ. स. १९८६ सालीं तो नववीच्या वर्गांत असतांना ही पेटी घेऊन शाळेंत आला. त्याच्या मामांनीं व्यापारी जहाजावरील नोकरींतून परतल्यावर ती त्यास दिली होती, व पेटी त्याहीवेळीं जुनीच होती. ‘सर, ही कुठली बोट?’ असें त्यानें विचारलें. झांकणावरील नांव आम्हीं वाचलें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबई इलाख्यांतील कापसास भाव आला एवढें आम्हांस माहीत होतें, आणि ‘अलाबामा’ त्याच युद्धांतील हेंही माहीत होतें. या दोन खऱ्या गोष्टींची आम्हीं उभ्या उभ्या एक गांठ मारली व तास रंगविला. मुलें खूष झालीं. पुढें अनेक वर्षें त्या धड्याच्या वेळीं हीच गोष्ट आम्ही सांगत आलों.

त्या मुलानें घरीं जाऊन आमचें वाक्य झांकणावर उतरून ठेविलें. पुढें तो एका सूतगिरणींत हिशेबाच्या कामास लागला. हरवलेले भाग मिळाले कीं जहाज जोडूं, असें तो म्हणे. तें जोडण्याचें राहून गेलें, आणि गेल्या वर्षीं तो वारला. आतां त्याच्याच हातचें तें वाक्य प्रदर्शनाच्या चिठ्ठीवर यावें अशी घरच्यांची साहजिक इच्छा आहे.

म्हणून परीक्षणास बसतांना आम्हीं तें वाक्य परक्या लेखकाचें समजून त्याचीं दोन विधानें वेगळीं काढलीं. पहिलें असें कीं, पेटींतील आकार ‘अलाबामा’ आगबोटीचा आहे. दुसरें असें कीं, त्या आगबोटीनें सोलापूरच्या कापसास भाव दिला. निराधार कांहीं लिहिणार नाहीं ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा आम्हीं वर्गांत अनेकदां समजावून दिली होती. ती स्वतःच्या वाक्यास लावून पाहण्याची वेळ आतां आली.

३. मूळ जहाज

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इ. स. १८६१ च्या एप्रिलांत उत्तर व दक्षिण यांमध्यें युद्ध सुरू झालें. दक्षिणेपाशीं आरमार जवळजवळ नव्हतें. तेव्हां तिच्या प्रतिनिधींनीं इंग्लंडांत गुप्तपणें जहाजें बांधून घेण्याचा उद्योग आरंभिला. लिव्हरपूलसमोरील बर्कनहेड येथें लेअर्ड यांच्या गोदींत २९० या क्रमांकाचें एक लांकडी जहाज १५ मे १८६२ रोजीं पाण्यांत उतरलें व त्यास तात्पुरतें ‘एन्रिका’ असें नांव मिळालें. इंग्लंड तटस्थ असल्यामुळें तेथें तोफा चढवितां येईनात. म्हणून तें निःशस्त्रच बाहेर पडलें. अझोर्स बेटांजवळ त्यावर तोफा, दारूगोळा व कोळसा चढविण्यांत आला, आणि २४ ऑगस्ट १८६२ रोजीं कप्तान राफाएल सेम्स याच्या हुकुमतीखालीं तें ‘अलाबामा’ या नांवानें दक्षिणेच्या नौदलांत दाखल झालें.

जहाजाची लांबी २२० फूट व रुंदी ३२ फुटांस थोडी कमी. डोलकाठ्या तीन, पैकीं पुढील दोहोंवर आडवीं चौकोनी शिडें आणि मागील डोलकाठीवर जहाजाच्या लांबीच्या रेषेंत फिरणारीं शिडें. पोटांत वाफेचें एंजिन असून तें पिछाडीच्या पाण्यांतील पंखा फिरवी. दूरच्या समुद्रांत कोळसा कोठें मिळेल याची खात्री नसे. म्हणून नेहमींचा प्रवास शिडांवर करावयाचा आणि पाठलाग अथवा पळ वाफेवर, अशी योजना होती. शिडांवर चालतांना पाण्यांत स्थिर राहिलेला पंखा वेगास अडथळा करी. याकरितां तो सोडवून पिछाडींतील एका उभ्या विहिरींत वर उचलून घेण्याची सोय केलेली होती. वाऱ्याचा विश्वास सोडवत नाहीं आणि वाफेचा पुरता वाटत नाहीं, अशा संधिकाळांतील जहाजांचा हा उत्तम नमुना होय.

या आगबोटीनें बावीस महिन्यांत उत्तरेचीं सुमारें ६५ जहाजें पकडलीं व त्यांतील बहुतेक जाळलीं. पहिलीं सांवजें अझोर्सजवळचीं देवमासे मारणारीं गलबतें होतीं. ११ जानेवारी १८६३ रोजीं टेक्ससच्या किनाऱ्यापाशीं तिनें ‘हॅटरस’ ही उत्तरेची लढाऊ आगबोट बुडविली. पुढें ती केपला वळसा घालून हिंदी महासागरांत आली, १८६३ च्या डिसेंबरांत सिंगापुरास पोंचली, आणि १४ जानेवारी १८६४ रोजीं मलबारच्या किनाऱ्याबाहेर तिनें ‘एमा जेन’ हें अमेरिकन जहाज जाळलें. हें जहाज मुंबईहून मालावांचून रिकामें निघालें होतें. त्यावरील माणसांस त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील अंजेंगो येथें उतरवून ‘अलाबामा’ आफ्रिकेकडे वळली. आपल्या किनाऱ्याशीं तिचा संबंध आला तो एवढाच.

१९ जून १८६४ रोजीं, रविवारीं, फ्रान्सच्या शेरबूर बंदराबाहेर उत्तरेच्या ‘किअरसार्ज’ या लढाऊ आगबोटीनें तिला गांठलें. किअरसार्जचा कप्तान जॉन विन्स्लो होता. तासाभराहून किंचित् अधिक लढाई होऊन ‘अलाबामा’ बुडाली. सेम्स यास ‘डिअरहाउंड’ नांवाच्या एका इंग्रज गृहस्थाच्या नौकेनें वांचविलें. इंग्लंडनें असें जहाज आपल्या गोदींतून बाहेर जाऊं दिलें याबद्दल १८७२ सालीं जिनीव्हा येथील लवादानें त्यास १ कोटी ५५ लक्ष डॉलर भरावयास लाविले. बुडालेल्या जहाजाचे अवशेष १९८४ सालीं फ्रेंच नौदलास सांपडले.

४. मापन

पहिलें विधान तपासण्यास ग्रंथ लागत नाहींत. सुतळी व फूटपट्टी पुरते. या जातीच्या प्रतिकृतीचें प्रमाण ९६ स १ असें धरलेलें आहे. म्हणजे मूळ जहाजाच्या ८ फुटांस प्रतिकृतींत १ इंच. त्या हिशेबानें ‘अलाबामा’ची प्रतिकृति साडेसत्तावीस इंच लांब व सुमारें ४ इंच रुंद भरली पाहिजे.

आम्हीं धडाचे दोन्ही अर्ध न चिकटवितां सुतळीनें एकत्र बांधले, व पुढें निघालेली तिरपी काठी वगळून नाळेपासून पिछाडीपर्यंत माप घेतलें. लांबी २५ इंचांहून किंचित् अधिक भरली. रुंदी जवळजवळ सव्वाचार इंच. उजवा अर्ध वांकलेला असल्यामुळें माप तीनदां घेतलें, आणि डाव्या अर्धाची रुंदी निराळी मोजून तिची दुप्पटही करून पाहिली. फरक पडला तो सुतळीच्या जाडीएवढा.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, कारखानदारानें प्रमाण थोडें लहान धरलें असेल. परंतु प्रमाण लहान धरल्यास लांबी व रुंदी दोन्ही सारख्याच हिशेबानें घटतात. या धडाची लांबी अपेक्षेहून सव्वादोन इंचांनीं कमी आणि रुंदी मात्र अपेक्षेहून अधिक आहे. एक घटावी व दुसरी वाढावी असें कोणत्याही एका प्रमाणानें होत नाहीं. प्रमाणाचा प्रश्न अजिबात बाजूस ठेविला तरी गुणोत्तर उरतेंच : मूळ ‘अलाबामा’ची लांबी रुंदीच्या जवळजवळ सातपट होती, आणि या धडाची सहापट आहे. पळण्यासाठीं व पाठलागासाठीं बांधलेल्या सडपातळ जहाजाच्या नांवाखालीं येथें एक रुंद खांद्याचा गडी उभा आहे.

वृत्तांत एक मात्रा कमी-अधिक झाली तर लेखकप्रमाद म्हणून सोडून देतां येतें. सर्व ओळींत सारख्याच जागीं सारखाच फरक पडूं लागला कीं वृत्तच निराळें आहे असें समजावें लागतें. येथें तसें समजणें प्राप्त झालें.

५. हें धड कोणाचें

मग हें धड आहे तरी कोणाचें? उत्तर दूर शोधावें लागलें नाहीं. उत्तरेची ‘किअरसार्ज’ ११ सप्टेंबर १८६१ रोजीं पोर्टस्मथच्या सरकारी गोदींत पाण्यांत उतरली. तिची लांबी सुमारें २०१ फूट, आणि रुंदी ३४ फुटांस थोडी कमी. ८ फुटांस १ इंच या हिशेबानें लांबी सव्वापंचवीस इंचांच्या आंतबाहेर व रुंदी जवळजवळ सव्वाचार इंच येते. पेटींतील धडाचें माप हेंच आहे. डोलकाठ्या तिलाही तीनच, शिडांची मांडणीही त्याच जातीची, धुरांडें एकच. दुरून पाहणारास फरक जाणवूं नये इतकें दोहोंत साम्य होतें.

घडलें तें असें. ज्या अमेरिकन कारखान्याची ही पेटी, त्यानेंच इ. स. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत ‘किअरसार्ज’चीही पेटी विकावयास आणिली होती. पोलादी सांचे कोरणें हा या धंद्यांतील सर्वांत मोठा खर्च, आणि जहाजाच्या धडाचा सांचा त्यांतही सर्वांत मोठा. तेव्हां त्याच धडावर कांहीं लहान भाग बदलून व झांकणावर नवें चित्र छापून तेंच जहाज त्याच्या शत्रूच्या नांवानें बाजारांत आलें. प्रतिकृति जोडणाऱ्या जाणत्या मंडळींस ही गोष्ट फार पूर्वींपासून माहीत आहे. ती पाहण्यास आम्हांसच चाळीस वर्षें लागलीं. जिनें ‘अलाबामा’ बुडविली तिचेंच शरीर ‘अलाबामा’ म्हणून मुलांच्या हातीं दिलें गेलें, यांतील विपर्यास मात्र कोणाही इतिहासाच्या अभ्यासकास चटका लावील असा आहे.

पोथ्या चाळणारांस हा प्रकार नवा नाहीं. ग्रंथ एकाचा, आणि शेवटची पुष्पिका खोडून दुसऱ्या थोर नांवानें लिहिलेली, असे प्रसंग संग्राहकांच्या वांट्यास येतात. पाहिलें तसें लिहिलें, दोष आमचा नाहीं, असें शेवटीं सांगून मोकळा होणारा लेखक तरी प्रामाणिक असतो. येथें त्यानें न पाहिलेलेंच लिहिलें आहे. चित्रांच्या बाबतींतील आपल्याकडचें उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचें आहे. शिवछत्रपतींचें म्हणून घरोघर टांगलेलें चित्र त्यांचें नसून दुसऱ्याच एका मुसलमान सरदाराचें आहे, हें वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं डच साधनांतील अस्सल चित्र पुढें आणून दाखविलें. तोंपर्यंत लोक त्या परक्या चित्रापुढें भक्तिभावानें हात जोडीत होते. भक्ति खरी होती. चेहरा तेवढा दुसऱ्याचा होता. चित्राखालचें नांव हें चित्राचा पुरावा होत नाहीं, तो निराळा द्यावा लागतो, हा धडा त्या वेळीं महाराष्ट्रानें घेतला. आम्हीं तो वर्गांत शिकविला आणि पेटीच्या बाबतींत विसरलों.

६. कापसाचें विधान

दुसरें विधान कापसाचें. येथें मूळ कारण व नांवाजलेलें पात्र यांचा घोंटाळा आहे. ‘अलाबामा’नें जीं जहाजें जाळलीं तीं उत्तरेच्या व्यापाऱ्यांचीं होतीं, इंग्लंडच्या गिरण्यांस लागणारा दक्षिणेचा कापूस तिनें अडविला नाहीं, आणि अडविण्याचें तिला कारणही नव्हतें, कारण तो तिच्याच पक्षाचा कापूस होता. तो अडविला उत्तरेच्या आरमारानें. अध्यक्ष लिंकन यांनीं १९ एप्रिल १८६१ रोजीं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. आरंभीं दक्षिणेच्या मळेवाल्यांनींही इंग्लंडवर दाब आणावा म्हणून आपण होऊन कापूस रोखून धरिला होता. परंतु पुढें चार वर्षें तो बंदरांत कुजत पडला तो उत्तरेच्या लढाऊ आगबोटींच्या पहाऱ्यामुळें.

लँकेशायरच्या गिरण्यांनीं मग हिंदुस्थानाकडे मोहरा वळविला. योगायोग असा कीं, मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वेची वाट त्याच सुमारास आमच्या गांवापर्यंत येऊन पोंचली होती. सोलापूर स्टेशन १८६० सालीं उघडलें. बोरघाटाचें काम मात्र पुरें व्हावयाचें होतें. म्हणून १८६३ सालीं घाटांतील रुळ खुले होईपर्यंत गांठोडीं खंडाळ्यास उतरवून गाड्यांनीं घाट उतरावीं लागत, आणि पायथ्याशीं पुन्हां आगगाडींत चढवावीं लागत. अशा रीतीनें सोलापूर, बार्शी व मोंगलाई मुलखाचा कापूस थेट मुंबईच्या गोदीकडे वाहूं लागला. युद्धाच्या काळांत नेहमींच्या किंमतीहून सुमारें ८ कोटी १० लक्ष पौंड मुंबईच्या पदरांत अधिक पडले, असा हिशेब मुंबईच्या इतिहासांत देतात.

तें सोनें किती टिकलें हेंही सांगितलें पाहिजे. ९ एप्रिल १८६५ रोजीं दक्षिणेचा सेनापति ली शरण आला, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजीं मुंबईंतील सट्ट्याच्या मुदती भरतांच पेढ्यामागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंदांसारखा धनीही त्यांत सांपडला. दक्षिणेंतील कुणब्यानें चढत्या भावाच्या भरंवशावर घेतलेलें कर्ज मात्र भावाबरोबर उतरलें नाहीं. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांच्या दफ्तरांवर जे दंगे झाले त्यांच्या चौकशींत हा भावाचा चढउतार एक कारण म्हणून पुढें आला. त्यांच्या पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ पडला, आणि त्यांत सोलापूर जिल्ह्याचे फार हाल झाले. सोलापुरांतील पहिली कापडगिरणी, जिला आपण जुनी मिल म्हणतों, ती १८७७ सालीं निघाली. म्हणजे अमेरिकेंतील युद्ध संपून बारा वर्षें लोटल्यावर. सोन्याचा भाव आला हें खरें. परंतु तो कोणाच्या घरीं राहिला आणि कोणाच्या घरावरून वाहून गेला, हें न सांगतां नुसतें ‘सोनें’ म्हणणें हें शिक्षकास शोभत नाहीं.

७. निर्णय

आतां दोन्ही शोध एकत्र ठेवून पाहूं. आमच्या वाक्यांतील पहिलें विधान खोटें, कारण धड ‘अलाबामा’चें नाहीं. दुसरेंही खोटें, कारण भाव ‘अलाबामा’नें दिला नाहीं. परंतु दोन्ही चुका एकमेकींसमोर ठेविल्या कीं एक अनपेक्षित गोष्ट दिसते. पेटींत जें जहाज खरोखर आहे तें उत्तरेच्या आरमाराचें आहे. आणि सोलापूरच्या कापसास भाव आला तो त्याच आरमाराच्या पहाऱ्यामुळें. किअरसार्ज स्वतः युरोपच्या समुद्रांत दक्षिणेच्या लुटारू बोटींच्या शोधांत होती, नाकेबंदीच्या पहाऱ्यावर नव्हती, एवढें येथें सांगणें अवश्य आहे. तरी ती ज्या आरमाराची, त्याचाच हा पराक्रम. सारांश, झांकणावरील नांव आमच्या गांवाच्या इतिहासाशीं संबंध नसलेलें आहे, आणि झांकणाखालचें शरीर त्या इतिहासाच्या बरेंच जवळचें आहे. नांवावर विसंबून आम्ही जें सांगत होतों तें चूक ठरलें, आणि वस्तूनें स्वतः जें सांगितलें तें अधिक उपयोगाचें निघालें.

संग्राहकांचा नेहमींचा प्रश्न किंमतीचा. असे सांचे पुन्हां पुन्हां वापरले जातात व तीच वस्तु नव्या पेटींत पुन्हां निघते. त्यांत ही प्रत खंडित आहे. म्हणून बाजारांत तिला मोठें मोल येणार नाहीं. प्रदर्शनास मात्र ती अवश्य योग्य आहे. कुटुंबास आमची सूचना अशी कीं, जहाज जोडूं नये, रंगवूं नये, हरवलेले भाग दुसऱ्या पेटींतून आणून भरूं नयेत. उन्हाच्या तिरिपेपासून व उष्णतेपासून जपावें. शिडांवर भार ठेवूं नये. चिकट पट्ट्या उपटून काढूं नयेत. धडाचे दोन अर्ध सुतळीनें बांधलेलेच ठेवावे व शेजारीं फूटपट्टी मांडावी, म्हणजे शाळेंतील मुलांस तें माप स्वतः घेऊन पाहतां येईल.

झांकणावरील शिसपेनीचें वाक्य पुसावें काय, असेंही त्या घरच्यांनीं संकोचानें विचारलें. तें पुसूं नये. पोथीच्या समासांतील चुकीची टीपसुद्धां त्या पोथीचा इतिहास असते. झांकण उघडून, वाक्य दिसेल असें ठेवावें, आणि पुढें पुढील चिठ्ठी लावावी :

‘अमेरिकन यादवी युद्धांतील (१८६१–१८६५) उत्तरेच्या किअरसार्ज या वाफ व शिडांवर चालणाऱ्या लढाऊ आगबोटीच्या आकाराची प्लास्टिकची प्रतिकृति. पेटीवरील नांव तिच्या शत्रूचें, अलाबामा आगबोटीचें आहे. या युद्धांत उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविल्यामुळें कांहीं वर्षें सोलापूरच्या कापसास मोठा भाव आला, आणि युद्ध संपतांच तो उतरला. झांकणावरील वाक्य एका विद्यार्थ्यानें १९८६ सालीं वर्गांत ऐकून लिहिलें. अक्षर त्याचें आहे. चूक त्याच्या शिक्षकाची आहे.’